पावडर आधी, पाणी नंतर : कणांनी धरलेलं क्रीम घडवताना

"बेंटोनाईट? अरे, माझ्याकडं पोत्यानं पडलंय. दोन घमेली घेऊन जा की!"

शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवणारा माझा वर्गमित्र फोनवर हसत होता. मी गोकुळ शिरगावात स्किन केअरचं छोटं युनिट चालवतो. बाजारातलं इमल्सिफायिंग वॅक्स न वापरता, नुसत्या बारीक पावडरीच्या जोरावर तेल आणि पाणी एकत्र धरणारं क्रीम बसतं का, हे तेव्हा मला बघायचं होतं. त्याची दोन घमेली मी अर्थातच घेतली नाहीत. बेंटोनाईट ही बारीक माती. साच्याच्या वाळूत घालायचं बेंटोनाईट आणि चेहऱ्याला लावायचं बेंटोनाईट यांचं नाव एक असलं तरी क्वार्ट्‌झची भेसळ, जड धातू आणि जंतूंचं प्रमाण या तिन्ही बाबतींत दोघांची जातच वेगळी. त्यामुळं पहिला नियम इथंच सांगून टाकतो. पावडर कॉस्मेटिक ग्रेडची हवी आणि तिच्याबरोबर बॅच नंबर असलेलं विश्लेषण प्रमाणपत्र हवं. लक्ष्मीपुरीतून सुटी आणलेली कोणतीही पांढरी भुकटी चालणार नाही.

त्याच्या फोनवरून एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. कोल्हापूरच्या फौंड्र्यांना हे फार आधीपासून माहीत आहे: पावडर किती घातली यापेक्षा ती किती नीट भिजली, मळली गेली, यावर साचा टिकतो. क्रीमचंही अगदी तसंच. या प्रकारात बॅच फुटली, म्हणजे तेल-पाणी वेगळं झालं, तर दहापैकी आठ वेळा दोष पाणी घालण्याच्या आधीचा असतो. म्हणून या लेखात पावडर तेलात मुरवण्यावर मी जरा जास्तच जागा घेणार आहे.

आधी थोडं कशामुळं काय होतं ते

नेहमीच्या क्रीममध्ये इमल्सिफायरचे (तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या पदार्थाचे) रेणू तेल-पाण्याच्या सीमेवर उभे राहतात, पण ते सतत ये-जा करत असतात. घन कण एकदा का त्या सीमेवर बसला की सहसा उठत नाही. रंकाळ्यात डुंबणारी म्हैस आठवा. अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर, आणि तिला काठावर आणायचं म्हटलं तर गुराख्याचा जीव मेटाकुटीला येतो. कणाचंही तेच. आकडाच सांगायचा तर १० नॅनोमीटर त्रिज्येचा कण पाणी आणि तेल दोघांनाही सारखाच ओला होत असेल, तर त्याला सीमेवरून उपटायला लागणारी ऊर्जा ही खोलीच्या तापमानाला रेणूंची जी धक्काबुक्की चालू असते तिच्या काही हजार पट भरते. त्रिज्या दहापट केली की ही ऊर्जा शंभरपट होते.

पण म्हैस पाण्यात उतरलीच नाही तर? किंवा पार बुडालीच तर? कण पूर्ण पाणीवेडा असेल तर तो पाण्यातच राहतो, पूर्ण तेलवेडा असेल तर तेलात, आणि सीमेवर कुणीच नाही. कामाचा कण मधल्या स्वभावाचा असतो. त्याचा कल कुणीकडं यावर क्रीमची जात ठरते. जो द्रव कणाला जास्त ओला करतो तो बाहेर राहतो आणि दुसऱ्याचे थेंब होतात. कण पाण्याकडं झुकलेला असेल तर पाण्यात तेलाचे थेंब, तेलाकडं झुकलेला असेल तर तेलात पाण्याचे थेंब. हा नियम १९२३ साली फिंकल, ड्रेपर आणि हिल्डेब्रँड यांनी मांडला आणि आजही टेबलावर सर्वांत आधी तोच वापरायचा.

या प्रकाराला 'पिकरिंग इमल्शन' म्हणतात. रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये असं निरीक्षण आधीच नोंदवलं होतं, पण नाव चिकटलं ते १९०७ सालच्या शोधनिबंधामुळं स्पेन्सर पिकरिंग यांचं. हे गृहस्थ इंग्लंडमधल्या वोबर्नच्या फळबागेत फवारणीच्या औषधांवर प्रयोग करत होते. मोरचूद आणि चुना एकत्र आल्यावर जो निळसर साका बनतो, त्याचे कण खनिज तेलाचे थेंब धरून ठेवतात हे त्यांनी दाखवलं. तासगावकडचा कुठलाही द्राक्षबागायतदार हे वाचून म्हणेल, "हे तर आमचं बोर्डो!" बरोबरच आहे. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात टाक्या भरून फवारलं जाणारं ते मिश्रण या शास्त्राच्या मुळाशी आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. भाजल्यावर लावायला घरोघरी चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून जे पांढरं मलम करतात, ते हे नव्हे. तिथं तेलातल्या आम्लाशी चुन्याची क्रिया होऊन कॅल्शियमचा साबण बनतो आणि तो साबणच इमल्सिफायरचं काम करतो.

काय बनवायचं आणि कशात

शिकायला 'तेलात पाणी' प्रकारचं हलकं क्रीम घ्या. तेलवेडी केलेली फ्यूम्ड सिलिका (सिलिकेची अतिशय बारीक, फुगीर भुकटी) सहज मिळते, सगळं काम थंडच होतं, गॅस-हीटर लागत नाही, मेण वितळवायची भानगड नाही. २०० ग्रॅमची बॅच अशी :

तेलाची बाजू
– कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड (जवळजवळ रंगहीन तेल) : ७२ ग्रॅम
– तेलवेडी फ्यूम्ड सिलिका (लेबलवर 'सिलिका डायमिथाइल सिलिलेट') : ६ ग्रॅम
– व्हिटॅमिन ई (टोकोफेरॉल) : ०.६ ग्रॅम

पाण्याची बाजू
– डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी : ११२.४ ग्रॅम
– ग्लिसरीन : ६ ग्रॅम
– मॅग्नेशियम सल्फेट (एप्सम सॉल्ट) : १.६ ग्रॅम
– सोडियम बेंझोएट : ०.८ ग्रॅम
– पोटॅशियम सॉर्बेट : ०.४ ग्रॅम
– सायट्रिक आम्ल : सुमारे ०.२ ग्रॅम, पीएच ५ येईपर्यंत

साहित्यात ०.०१ ग्रॅमचा काटा, रोटर-स्टेटर होमोजिनायझर (फिरता रोटर आणि स्थिर स्टेटर यांच्या फटीत मिश्रण घासणारं यंत्र), साधा पॅडल स्टिरर, पीएच मीटर, आरओचं पाणी तपासायचा टीडीएस मीटर आणि ४०० पट मोठं दाखवणारा विद्यार्थी मायक्रोस्कोप. होमोजिनायझरला पैसे नसतील तर पहिल्या चारदोन प्रयोगांना हँड ब्लेंडर चालतो, फक्त तो हवा फार ओढतो. माझ्या होमोजिनायझरचं डोकं झिजलं तेव्हा उद्यमनगरातल्या एका टर्नरकडून मी नवीन स्टेटर स्टेनलेसमध्ये काढून घेतला. त्याला फक्त एकच सांगितलं होतं: फट जुन्याइतकीच ठेव. रोटर आणि स्टेटरमधली फट वाढली की घासणी कमी पडते आणि मग कितीही वेळ फिरवा, गुठळ्या फुटत नाहीत.

पायरी पहिली : पावडरीचा स्वभाव ओळखा

ग्लासभर पाण्यावर चिमूटभर पावडर टाका. लगेच ओली होऊन खाली बसली तर ती पाणीवेडी, आपल्या या कृतीला निरुपयोगी. हलवल्यावरही कोरडीठाक तरंगत राहिली तर तेलवेडी. आता दुसऱ्या ग्लासात पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांची वेगवेगळी मिश्रणं करून बघा. किती टक्के अल्कोहोलला पावडर भिजून बुडायला लागते, तो आकडा वहीत लिहून ठेवा. पुढचा ड्रम आला की हीच चाचणी परत करायची. आकडा बराच सरकलेला असेल तर क्रीम बनवायच्या आधीच पुरवठादाराला फोन लावायचा. प्रमाणपत्रात सगळं ठीक असतं, पण ही दहा मिनिटांची चाचणी मला जास्त विश्वासाची वाटते.

मास्क घाला, पंखा बंद करा. ६ ग्रॅम म्हणजे नखाएवढं वाटतं, पण ही पावडर इतकी फुगीर असते की वाटीभर होते आणि श्वासाबरोबर उडते. फौंड्रीत ज्या सिलिकेमुळं सिलिकोसिस होतो ती स्फटिक रूपातली. फ्यूम्ड सिलिका स्फटिक नसते. तरी कुठलीच धूळ फुप्फुसात घालायची नसते.

पायरी दुसरी : तेल निवडताना भावनेला बाजूला ठेवा

इथं मी स्वतः आपटलोय. सुरुवातीला 'अस्सल कोल्हापुरी' काहीतरी करायच्या हौसेनं लाकडी घाण्याचं शेंगतेल वापरलं. पहिली बॅच झकास झाली. दुसऱ्या घाण्याच्या तेलाची बॅच तिसऱ्या दिवशी फुटली, बरणीच्या तळाला पाणी साचलं. तिसरी तर पाणी घालतानाच उलटली, म्हणजे तेल बाहेर राहायच्या ऐवजी पाणीच बाहेर आलं. पावडर तीच, यंत्र तेच, हातही तोच. दोष तेलातल्या सोबत्यांचा होता. न गाळलेल्या, रिफाइन न केलेल्या तेलात मोकळी मेदाम्लं, मोनोग्लिसराइड, लेसिथिनसारखे फॉस्फोलिपिड असतात. ते स्वतःच सीमेवर गर्दी करतात, कणांवर चिकटून त्यांचा स्वभाव बदलतात, आणि त्यांचं प्रमाण दर घाण्याला वेगळं. म्हणजे आपण एक पाहुणा बोलावतो आणि त्याच्याबरोबर नाव-गाव माहीत नसलेली वरात येते.

म्हणून आधी स्वच्छ, जवळजवळ रंगहीन ट्रायग्लिसराइडवर कृती बसवा. ती बसली की मग हवं तर त्यातला थोडा भाग शेंगतेल किंवा करडईचं तेल करून बघा, एका वेळी ५ टक्क्यांहून जास्त नको. तेलाची जात बदलली तर तोच कण दुसऱ्या बाजूला झुकू शकतो हेही ध्यानात ठेवा. ट्रायग्लिसराइड, एस्टर यांसारखी तेलं साधारणपणे 'तेलात पाणी'कडं ओढतात. लिक्विड पॅराफिनसारखं हायड्रोकार्बन तेल तेच कण घेऊन 'पाण्यात तेल'कडं जायला बघतं. मधल्या स्वभावाच्या पावडरीत हा फरक जास्त दिसतो.

पायरी तिसरी : पावडर तेलात मुरवणं, म्हणजेच खरं काम

७२ ग्रॅम तेल उंच, अरुंद बीकरमध्ये घ्या. व्हिटॅमिन ई आत्ताच घाला. सिलिका चार भागांत घालायची. पहिला भाग घातला की होमोजिनायझर लगेच सुरू करू नका, नाहीतर पावडर हवेत आणि हवा तेलात. काचेच्या दांडीनं किंवा पॅडलनं हळूहळू दाबून ती तेलाखाली घ्या, जशी पिठल्याला बेसनाची गुठळी वाटीत आधीच मोडून घेतो तशी. वरची पांढरी टोपी दिसेनाशी झाली की पुढचा भाग.

चारही भाग आत गेल्यावर होमोजिनायझर सुरू करा. माझ्या यंत्रावर ८ ते १० हजार फेऱ्यांवर ८ मिनिटं लागतात. तुमच्याकडं वेळ वेगळी येईल, म्हणून घड्याळाऐवजी डोळ्यानं ठरवा. सिलिकेचा अपवर्तनांक साधारण १.४६ आणि या तेलाचा १.४५ च्या आसपास. दोन्ही इतके जवळ की नीट भिजलेली सिलिका तेलात जवळजवळ नाहीशी होते. पांढरी भुकटी घातलीय आणि समोर मात्र किंचित निळसर झाक असलेला, पारदर्शकाकडं झुकणारा जेल. हे पहिल्यांदा बघताना आमच्या पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या होत्या, "सायेब, पावडर घालायची इसरलासा वाटतं!" तसं दिसलं की काम झालं. अजून दुधाळ दिसतंय किंवा उजेडासमोर धरल्यावर पांढरे ठिपके आहेत, तर आत हवेच्या किंवा न भिजलेल्या गुठळ्या आहेत. एक थेंब काचेच्या स्लाइडवर घ्या, वरून दुसरी स्लाइड दाबून सरकवा. करकर लागली तर अजून फिरवा.

बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवा, ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. झाल्यावर झाकून अर्धा तास तरी सोडा. हवेचे बुडबुडे वर येतात, आणि उरलेल्या फटींत तेल शिरतं. हा अर्धा तास वाचवायचा मोह आवरा. मी एकदा ऑर्डरच्या घाईत वाचवला आणि मग अख्खा दिवस घालवला.

पायरी चौथी : पाण्याची बाजू

पाण्यात ग्लिसरीन आणि एप्सम सॉल्ट विरघळवा. मग सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट. हे दोन्ही पूर्ण विरघळल्याशिवाय सायट्रिक आम्ल घालायचं नाही, आणि घालायचं तेही आधी थोड्या पाण्यात विरघळवून थेंबाथेंबानं. कोरडं आम्ल टाकलंत तर तिथल्या तिथं बेंझोइक आम्लाचे पांढरे स्फटिक सुटतात आणि मग ते परत विरघळवायला वैताग येतो. पीएच ५ वर थांबा. त्याच्या बराच वर गेलात तर ही दोन्ही संरक्षकं निम्म्यानंही काम करत नाहीत.

पीएच आत्ताच मोजून वहीत लिहा, कारण क्रीम झाल्यावर बाहेर तेल असतं आणि इलेक्ट्रोडला पाणी लागतच नाही. तेव्हा येणारा आकडा हा निव्वळ करमणुकीचा.

एप्सम सॉल्ट कशाला, असं नेहमी विचारलं जातं. लहान थेंबातलं पाणी तेलातून झिरपत मोठ्या थेंबाकडं जायला बघतं. प्रत्येक थेंबात मीठ असलं की ते पाणी आपापल्या थेंबात अडकून राहतं. अर्धा-एक टक्का पुरतो.

पायरी पाचवी : पाणी तेलात

तेलाच्या जेलमध्ये होमोजिनायझर सुमारे ६ हजार फेऱ्यांवर चालू ठेवून पाणी घालायला लागा. पहिलं एक तृतीयांश पाणी अक्षरशः थेंबाथेंबानं. हा टप्पा ज्याला नीट साधला त्याला पुढं त्रास होत नाही. तेलाच्या मानानं पाणी कमी असताना नवीन थेंबांना लपेटायला मोकळे कण भरपूर असतात. पाणी एकदम ओतलंत तर थेंब मोठे होतात, कण कमी पडतात आणि सगळं उलटून पाण्यात तेलाच्या गुठळ्या तरंगायला लागतात. मग ते कितीही घुसळा, सरळ होत नाही. टाकून द्यायचं.

पुढचं पाणी बारीक धारेनं. सगळं मिळून १० ते १२ मिनिटं लागू द्या. निम्म्यापाशी मिश्रण घट्ट होतं आणि होमोजिनायझरच्या डोक्याभोवती खड्डा पडून बाजूचं मिश्रण जागचं हलत नाही. बीकर हातानं फिरवत राहा, कडेचं स्पॅटुलानं आत ढकला. शेवटी सगळं पाणी गेल्यावर ८ हजार फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटं, आणि बस. जास्त वेळ फिरवून क्रीम अधिक 'मजबूत' होत नाही.

पायरी सहावी : झालं की नाही ते बघा

एक थेंब पाण्याच्या वाटीत टाका. 'तेलात पाणी' असेल तर तो गोळ्यासारखा तसाच राहतो. तोच थेंब तेलात टाकला की पसरतो. टीडीएस मीटरच्या दोन टोकांना क्रीम लावा. बाहेर तेल असेल तर इतकं मीठ असूनही आकडा शून्याजवळ राहतो. काही शेकड्यांत आकडा आला तर बॅच उलटली आहे, पुढं काही करू नका.

मग मायक्रोस्कोप. त्याच तेलात थोडं पातळ करून स्लाइडवर घ्या, पाण्यात नाही. थेंब अगदी गोल नसतील तर घाबरू नका. ते बटाट्यासारखे, काही तर दोन दाण्यांच्या शेंगेसारखे दिसतात. दोन थेंब एकत्र यायला लागले, पण अंगावरचं कणांचं चिलखत मधेच पुरेसं दाट झालं आणि ते तिथंच थबकले, असं ते चित्र असतं. इमल्सिफायरच्या क्रीममध्ये हे दिसत नाही, त्यामुळं ही पिकरिंगची सहीच म्हणा.

आता एक मुद्दा, जो कळला नाही तर माणूस विनाकारण चांगली बॅच फेकतो. तयार झाल्या झाल्या थेंब बारीक असतात आणि पहिल्या तासाभरात ते मोठे होतात. हे फुटणं नव्हे. यंत्रानं इतकी पृष्ठं तयार केलेली असतात की सगळ्यांना कण पुरत नाहीत. अर्धवट झाकलेले थेंब एकमेकांत मिसळतात, एकूण पृष्ठ कमी होतं, आणि कण पुरेसे झाले की वाढ थांबते. ठरावीक कापडात उशांना अभ्रे शिवायचे तर कमी पण मोठ्या उशांचा कापूस तेवढ्यात झाकता येतो, तसं. म्हणून थेंबाचा आकार यंत्रापेक्षा पावडरच ठरवते. पावडर निम्मी केली तर थेंब साधारण दुप्पट. मी लगेच, १ तासानं आणि २४ तासांनी अशी तीन मापं घेतो. तासाचं आणि चोवीस तासांचं माप सारखं आलं की समाधान. थेंब २० मायक्रॉनचे आहेत की ४० चे, याची फिकीर मी फारशी करत नाही. बारीक थेंबांचा हट्ट नेहमीच्या क्रीममधून आलेला आहे, इथं अंगरखा अखंड असणं महत्त्वाचं.

बरणीतले महिने

निदान तीन बरण्या भरा. एक खोलीत, एक ४५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये, एक फ्रीजर आणि खोली अशा आळीपाळीला. एक दिवस फ्रीजरमध्ये, एक दिवस बाहेर, असे पाच फेरे. ४५ अंशांची बरणी १२ आठवडे बघायची, पहिल्या महिन्यात दर आठवड्याला.

वर स्वच्छ तेलाचा पातळ थर आला तर आधी काडीनं ढवळून बघा. मिसळून पहिल्यासारखं झालं आणि मायक्रोस्कोपखाली थेंब तेवढेच असले, तर थेंब फक्त खाली बसले होते. पाणी तेलापेक्षा जड, आणि मोठे थेंब बसणारच. उपाय म्हणजे सिलिका अर्धा टक्का वाढवणं: जास्तीची सिलिका तेलात जाळं विणते आणि थेंब जागच्या जागी अडकतात. पण तळाला मोकळं पाणी दिसलं तर ते ढवळून मिटणारं दुखणं नाही. तिथं क्रीम खरंच फुटलंय. परत तिसऱ्या पायरीला जा. चौथ्या-पाचव्या पायरीत दोष शोधण्यात मी एके काळी बरेच आठवडे घालवले आहेत.

संरक्षक घातलंय म्हणून जंतुपरीक्षा टाळायची नाही. पाणी थेंबांत कोंडलेलं असलं तरी पावसाळ्यात बरणीच्या झाकणाखाली साचणारं दव बाहेरच असतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवा कशी असते हे काय सांगायचं. प्रयोगशाळेत चॅलेंज टेस्ट (मुद्दाम जंतू सोडून संरक्षक पुरतं का ते बघणारी चाचणी) करून घ्या.

त्वचेवर हे क्रीम वेगळं लागतं. सुरुवातीला तेलकट, मग चोळलं की थेंबांवरचं कवच मोडून पाणी एकदम सुटतं आणि गार वाटतं. राजारामपुरीत पार्लर चालवणाऱ्या एका ताईंना नमुना दिला होता. त्या म्हणाल्या, "अहो, ह्याला घाम येतोय की!" ते ऐकून मी आधी खट्टू झालो, मग तेच त्यांच्या गिऱ्हाइकांना आवडलं.

पाण्यात तेल हवं असेल तर

ते थोडं अवघड. पूर्ण पाणीवेडी सिलिका एकटी फारसं धरत नाही, अर्धवट तेलवेडी केलेली घ्यावी लागते, आणि ती पाण्यात भिजायला कुरकुर करते. तेलाचे थेंब वर तरंगू नयेत म्हणून ०.२ ते ०.३ टक्के झँथन गम लागतो. दुसरा पर्याय ऑक्टेनिल सक्सिनेट लावलेला स्टार्च. त्याचे कण मोठे, त्यामुळं थेंबही मोठे, पण हाताला रेशमी लागतं. फक्त त्याला ६० अंशांच्या आसपास नेऊ नका, दाणे फुगून खळ होते.

झिंक ऑक्साइडचा मोह सगळ्यांना होतो, कारण तोच कण थेंबही धरतो आणि उन्हापासूनही वाचवतो. वर दिलेल्या पाककृतीत मात्र तो टाकू नका. आम्ल पाण्यात झिंक विरघळायला लागतं आणि पीएच वर चढतो, मग तीच संरक्षकं निकामी. झिंकला सिलेनचं आवरण असलेली पावडर, सातच्या वरचा पीएच आणि त्या पीएचला चालणारं वेगळं संरक्षक लागतं. कार्बोमरच्या (पाणी घट्ट करणाऱ्या पॉलिमरच्या) जेलमध्ये तर घालूच नका, झिंकचे आयन जेल मोडतात. आणि क्रीममध्ये झिंक आहे म्हणून लेबलवर एसपीएफ छापता येत नाही. तो आकडा माणसांवरच्या आयएसओ २४४४४ सारख्या चाचणीतूनच यायला हवा.

विकायचं असेल तर

घरच्या ओट्यावर बनवून इन्स्टाग्रामवर विकणं हा गुन्हा आहे, कितीही 'नैसर्गिक' असलं तरी. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडं कॉस-५ नमुन्यात अर्ज करून कॉस-८ परवाना घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात बनवून घ्यायचं तर कॉस-६ चा अर्ज आणि कॉस-९ चा लोन लायसन्स. कुठले घटक चालतात आणि किती, ते भारतीय मानक आयएस ४७०७ च्या दोन भागांत बघायचं.

'इमल्सिफायर-फ्री' असं ठळक अक्षरात छापायची फॅशन आहे. माझ्या लेबलवर मी ते छापत नाही. सिलिकाच इथं इमल्सिफायरचं काम करते. 'मेण व साबणाशिवाय' एवढं लिहितो, तेवढं खरं आहे.

बॅच ५ किलोवर नेताना एक सवय सोडू नका. पावडर मुरलेलं तेल आदल्या संध्याकाळी करून झाकून ठेवायचं, सकाळी ते आधीच्या बॅचइतकंच पारदर्शक आहे का हे खिडकीतल्या उजेडात बघायचं आणि मगच पाणी मोजायला घ्यायचं. भरणीला पिस्टनचं यंत्र वापरा. गिअर पंपाच्या दातांत थेंब चिरडले जातात आणि ट्यूबच्या तोंडाशी आधी पाणीच येतं. माझ्या पहिल्या दीडशे ट्यूबा तशाच परत आल्या होत्या, त्यातल्या सात-आठ अजून कपाटात आहेत, नवीन मुलगा कामाला लागला की त्याला एक दाबायला देतो.